फाइल-वाटपाचा वेग आणि शेजारधर्म

टॉरेंट हा शब्द ऐकला की बहुतेकांना चोरून उतरवलेले चित्रपट आठवतात. त्यामुळे वसतिगृहांच्या आणि प्रयोगशाळांच्या जाळ्यांवर त्याला सरसकट बंदी घालण्याचा मोह होतो. वस्तुतः लिनक्सच्या प्रती, विकिपीडियाचे संच आणि ‘अकॅडमिक टॉरेंट्स’वरील संशोधन-विदा याच मार्गाने जगभर वाटली जाते. विद्यार्थ्याला हा मार्ग बंद करणे हा उपाय नव्हे. आपल्या संगणकाचे सॉकेट इतरांशी कसे वागते हे त्याला शिकवणे, हा खरा उपाय आहे.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. इंटरनेटची जोडणी एकच. मुलगी लिनक्सची प्रत उतरवत आहे, धाकट्याचा ऑनलाइन तास चालू आहे आणि आजोबा व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलत आहेत. बाहेर पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आणि राउटरचा बफर १ मेगाबाइट धरला, तर टॉरेंटने तो बफर भरल्यावर आजोबांच्या आवाजाच्या प्रत्येक पॅकेटला ०.८ सेकंद रांगेत थांबावे लागते. घरातल्यांना वाटते, नेट मंद आहे. खरा दोष रांगेचा असतो.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सॉकेटचा बफर वाढवा, जोडण्या वाढवा’. या सल्ल्यामागे खरे गणित आहे. सेकंदाला १०० मेगाबिटची वाट असेल आणि युरोपपर्यंत जाऊन येण्यास २०० मिलिसेकंद लागत असतील, तर वाट भरलेली राहण्यासाठी २.५ मेगाबाइट माल सतत प्रवासात असावा लागतो. टीसीपीच्या जुन्या ६४ किलोबाइटच्या खिडकीतून तेथे सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट जातात. मात्र ही खिडकी मोठी करण्याची सोय १९९२ पासून प्रमाणित आहे आणि आजचे लिनक्स बफर गरजेप्रमाणे स्वतःच वाढवते. सॉकेटचा ग्राहक-बफर हाताने ठरवून दिला, तर ही स्वयंचलित सोयच बंद पडते. शिवाय टॉरेंट एकाच वेळी अनेक जोडण्या वापरते. एकट्या जोडणीने वाट भरण्याची गरज तेथे क्वचितच पडते.

जोडण्यांचे गणित तर अधिक गंभीर आहे. टीसीपी ढोबळमानाने प्रत्येक जोडणीला सारखा वाटा देते. माणसे ते मोजत नाही. डाउनलोडच्या चाळीस जोडण्यांसमोर धाकट्याच्या तासाची एक जोडणी उभी राहिली, तर तिच्या पदरी एकेचाळिसावा हिस्सा येतो.

संयम सुटला की जाळे कोसळते, हा धडा जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोहोंत अंतर होते अवघे ४०० यार्ड. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले गर्दी-नियंत्रण टीसीपीत आले. पॅकेट हरवले की वेग कमी करायचा, हा त्याचा नियम. पण पॅकेट हरवेपर्यंत रांग भरलेलीच असते.

पुढे २००७ मध्ये अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनी टॉरेंटच्या जोडण्या तोडत असल्याचे उघड झाले आणि मोठा वाद पेटला. त्या काळातील मंथनातून पुढे आलेले ‘लेडबॅट’ हे तंत्र डिसेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६८१७ म्हणून नोंदले गेले. पॅकेट हरवण्याची वाट न पाहता ते विलंब मोजते आणि आपल्यामुळे वाढलेला विलंब १०० मिलिसेकंदांकडे जाऊ लागताच मागे सरते. टॉरेंटमधील ‘यूटीपी’ याच तत्त्वावर यूडीपीवरून चालते.

हे तंत्र रामबाण नव्हे. समोरचा साथीदार साध्या टीसीपीने जोडला गेला, तर हे सौजन्य उरत नाही. रांग आखूड ठेवणारे आधुनिक राउटर असतील, तर लेडबॅटला विलंब जाणवतच नाही आणि ते टीसीपीसारखेच वागू लागते. म्हणून विद्यार्थ्याने काही गोष्टी स्वतः कराव्यात: यूटीपी चालू ठेवावे, सॉकेटच्या बफरना हात लावू नये, जोडण्या मर्यादित ठेवाव्यात आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या सुमारे ८० टक्क्यांवर बांधावी. मग टॉरेंट बंद असताना आणि चालू असताना पिंगचा विलंब मोजून आकडे ताडून पाहावेत. नेटवर्कच्या अभ्यासक्रमात हा प्रयोग एका तासात बसतो.

दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये नेट-समानतेचे तत्त्व मान्य केले. सेवा देणाऱ्या कंपनीने कोणत्याही मजकुराशी दुजाभाव करू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु कंपनीने हात आवरल्यानंतर रांगेतील शिस्त सांभाळण्याचे काम संगणकातील प्रणालीकडे आणि ती चालवणाऱ्याकडे येते. ते काम न शिकवता केवळ बंदी घालणारी संस्था आपल्या विद्यार्थ्यांना एका चांगल्या प्रयोगाला मुकवते.