शेताचा कोपरा

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमधील उपासना आटोपून परतलेला ख्रिस्ती शिक्षक वा कारकून पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मांडू लागतो, तेव्हा एक जुनी शंका डोके वर काढते. उद्याची चिंता वाहू नये ही शिकवण, मग हा हिशेब अश्रद्धेचा तर नव्हे?

शुभवर्तमान तसे म्हणत नाही. लूकच्या १४व्या अध्यायातील दाखल्यात बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही, तर त्याचे हसे होते. मात्र १२व्या अध्यायातील धनवान शेतकरीही योजकच आहे. जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा त्याचा बेत अर्थशास्त्राच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. फक्त त्या साऱ्या बेतात स्वतःवाचून दुसरे माणूस नाही, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो.

लेवीय ग्रंथात कापणीच्या वेळी शेताचे कोपरे गरिबांसाठी व परक्यांसाठी राखण्याची आज्ञा आहे. कोपरा म्हणजे उरलेसुरले धान्य नव्हे. विळा लावण्यापूर्वीच सोडलेला तो वाटा होय. पौलानेही करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्याच दिवशी मिळकतीच्या मानाने रक्कम बाजूला काढावयास सांगितले. आपल्या अंदाजपत्रकात मात्र दान शेवटच्या ओळीत येते : फी, हप्ते, विमा यांतून काही उरल्यास. (वर्गात बचतीचे धडे देणारा मीही घरी हेच करीत आलो.) उरत काहीच नाही. यंदा ती ओळ सर्वांत वर लिहून मग खालची बेरीज जुळते का, ते पाहावयाचे आहे.