केराची टोपली हाही एक धडाच!

प्राथमिक शाळा सुटल्यावर रिकामे झालेले पटांगण आपण कधी निरखून पाहिले आहे काय? वहीची फाडलेली पाने, गोळ्या-चॉकलेटचे वेष्टनकागद, पेन्सिलीचा भुसा आणि एखादे जायबंदी कागदी विमान! सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांच्या शाळा नांदतात. पण कचऱ्याची भाषा सगळीकडे एकच असते.

२ ऑक्टोबर आला की शाळाशाळांतून खराटे निघतात, शपथ होते, छायाचित्रे निघतात. झाडलेला ढीग मात्र बहुधा शाळेच्या मागे जातो आणि काडी लावून ‘संपवला’ जातो. कागदाबरोबर प्लॅस्टिकही जळते आणि तो धूर त्याच मुलांच्या छातीत जातो. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. परंतु नियम कागदावर राहिला आणि कागद आगीत गेला!

कचरा कमी करायचा तर तो कोठून येतो हे आधी पाहावे लागते. राज्य शासनाने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने घातली. दप्तराचे ओझे हलके व्हावे, गरीब मुलाला वहीचा खर्च पडू नये, हा हेतू चांगलाच होता. पण मुले वह्याही आणतच राहिली, पुस्तके जाड झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती पाने काढून टाकण्याचा निर्णय घ्यावा लागला. वर्गातली सवय न बदलता वरून कागद वाढविला, तर असेच होणार.

उपाय साधे आहेत. प्रत्येक वर्गात एका बाजूने कोऱ्या कागदांसाठी एक खोके ठेवावे. गणिताचे कच्चे काम त्यावर व्हावे. जुन्या वह्यांची उरलेली पाने शिवून नवी वही करावी. पोषण आहाराचे खरकटे वेगळे ठेवून अंगणातल्या खड्ड्यात त्याचे खत करावे. खिचडीने भिजलेल्या कागदाला रद्दीवाला विचारीत नाही. कोरड्या कागदाला मात्र किंमत येते. ती रद्दी मुलांनीच तोलावी, विकावी आणि हिशेब फळ्यावर लिहावा. यापेक्षा जिवंत गणित कोणते?

‘शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे,’ असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणूनच हे काम नवा उपक्रम म्हणून लादू नये. ते गणित, विज्ञान आणि कार्यानुभवाच्या तासांतच सामावले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बोचते. झाडण्याची पाळी बहुतेक वेळा मुलींवर येते. झाडू हे हलक्या माणसाचे काम, हा समज मूल येथेच शिकते. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडीत, मग कीर्तनाला उभे राहत. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांनी संघटना बांधली आणि तिला नावच दिले ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. आपण फेकलेल्या कागदावर कोणाची तरी चूल पेटते, हे मुलाला कळले तर ते खरकटे आणि कागद एकत्र करणार नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षातून एकदा रस्ता झाडण्याऐवजी तिच्या स्वयंसेवकांनी महापालिकेची एकेक शाळा निवडावी आणि आठवड्यातून एक तास वर्षभर तेथे द्यावा. मोठे शहर स्वच्छ करण्याच्या गोष्टी मोठ्यांनी कराव्यात. आपण एका वर्गातील एका टोपलीपासून आरंभ करू या. त्या टोपलीत काय पडते आणि पुढे त्याचे काय होते, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला स्वच्छतेची शपथ घेण्याची गरजच उरणार नाही.