सही करण्यापूर्वी वाचा

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. मदतीमागे करार असतो, हे आपल्याला नवे नाही. आज आपली मुले अमेरिकेत पदवीसाठी नोव्हेंबरच्या आरंभीच अर्ज करू पाहतात. माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्या पालकांना मी प्रथम एवढेच विचारतो : सही केलीत काय?

कारण ‘अर्ली डिसिजन’ या प्रकारात विद्यार्थी, पालक व शाळा असे तिघे मिळून वचन देतात की, प्रवेश मिळाल्यास तेथेच जाऊ. मदत अपुरी पडल्यास सुटका मागता येते, हे खरे. परंतु दोन विद्यापीठांच्या मदतीची तुलना करण्याची संधी गमावलेली असते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला ही तुलना लागत नाही. हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील लवकरचा अर्ज असा बांधून घेत नाही, आणि परदेशी अर्जदार निवडताना ही विद्यापीठे त्याची ऐपतही पाहत नाहीत.

अन्यत्र पुष्कळ ठिकाणी ती पाहिली जाते. म्हणून काही पालक मदतीचा रकाना कोरा सोडतात. तसे मुळीच करू नका. आरंभी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक संस्था पुढे ती देत नाहीत. मग प्रवेशपत्र हाती आणि फी डोक्यावर!

उत्पन्नाचे दाखले मात्र सप्टेंबरातच काढून ठेवा. अर्जापाठोपाठ तेही मागितले जातात.