‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ : एका अपुऱ्या इशाऱ्याचा इतिहास

१/७ या इशाऱ्यातून एक समज रुजला आहे : ओटीपी चोरीला गेला, म्हणजे ग्राहकानेच तो कुणाला तरी सांगितला. इतिहास हा समज खोटा ठरवतो. #थ्रेड

२/७ २०१२ साली ‘युरोग्रॅबर’ प्रकरण उघडकीस आले. इटली, जर्मनी, स्पेन व नेदरलँड्समधील ३०,०००हून अधिक खातेदारांचे अंदाजे ३ कोटी ६० लाख युरो लुटले गेले. आधी संगणकात मालवेअर शिरले. मग बँकेच्याच पानावर सुरक्षेच्या नावाखाली मोबाइल क्रमांक मागितला गेला आणि पाठवलेल्या लिंकमधून फोनही बाधित झाला. पुढे बँकेचा एसएमएस परस्पर चोराकडे जाऊ लागला. ओटीपी कुणाला सांगण्याचा प्रश्नच आला नाही.

३/७ मग अंक दाखवणारे स्वतंत्र यंत्र? मार्च २०११ मध्ये आरएसए कंपनीतील एका कर्मचाऱ्याने एक घातक एक्सेल फाइल उघडली. ‘सिक्युरआयडी’ यंत्रांविषयीची गुप्त माहिती चोरीस गेली आणि त्याच वर्षी लॉकहीड मार्टिनवरील हल्ल्यात वापरली गेली. अशा यंत्रांचे गुपित सर्व्हरकडेही ठेवावे लागते. दोष रचनेतच आहे.

४/७ हार्डवेअर सिक्युरिटी की हा दोष दूर करते. खासगी किल्ली यंत्राबाहेर पडत नाही. सर्व्हरकडे केवळ सार्वजनिक किल्ली असते. स्वाक्षरी त्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि त्यासाठी सहसा बोटाचा स्पर्श लागतो. पळवून नेण्याजोगा अंकच उरत नाही.

५/७ मात्र कीच्या समर्थकांचीही एक गफलत होते. २०१७ पासून की सक्तीची केल्यावर ८५,०००हून अधिक कर्मचाऱ्यांपैकी कुणाचेही कामाचे खाते फिशिंगला बळी पडले नाही, असे गूगलने २०१८ मध्ये सांगितले. हा दाखला फिशिंगचा आहे, मालवेअरचा नव्हे. फिशिंग करणारा दाराबाहेर उभा असतो; मालवेअर घरात शिरलेले असते.

६/७ मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे यूट्यूब चॅनेल बळकावले गेले. प्रायोजकत्वाचा प्रस्ताव म्हणून आलेल्या फाइलमधील मालवेअरने ब्राउझरमधले सेशन टोकन चोरले. पासवर्डही लागला नाही. लॉगिननंतरच्या अशा चोरीपुढे ओटीपी आणि की दोन्ही हतबल आहेत.

७/७ म्हणून दोन्ही सारखेच, असे मात्र नव्हे. ओटीपी दुरूनही चोरता येतो. कीची नक्कल चोराला नेता येत नाही. उरलेली फट बुजवणे, म्हणजे सेशन त्याच यंत्राशी बांधणे आणि रक्कम व लाभार्थी वेगळ्या पडद्यावर दाखवून मंजुरी घेणे, हे संस्थांचे काम आहे. लुटल्या गेलेल्या ग्राहकाला इशाऱ्याची आठवण करून देणे म्हणजे सुरक्षा नव्हे, जबाबदारी झटकणे होय.