सेकंदाचा दोन हजारावा भाग

सुटीच्या दिवशी पहाटे टेकडीकडे निघणारी आपल्या घरांतील मुले अलीकडे मोठ्या भिंगांचे कॅमेरे बाळगू लागली आहेत. त्या सर्वांची तक्रार एकच : "काका, पक्षी समोर होता, पण फोटोत नुसता डाग उतरला." दोष बहुधा यंत्राचा नसतो. कॅमेऱ्याची स्वयंचलित योजना लग्नसमारंभाला पुरते; शिंजीर तिच्या हिशेबात बसत नाही.

शिंजीर म्हणजे जेमतेम १० सेंटीमीटर लांबीचा जीव. जास्वंदीवर क्षणभर टेकतो, चोच खुपसतो आणि पुढच्या फुलाकडे निघून जातो. त्याला टिपण्यासाठी शटरचा वेग किमान १/१००० सेकंद हवा. १/२००० मिळाला तर उत्तम, आणि उडता पक्षी हवा असेल तर १/३२०० पर्यंत जावे. परंतु शटर जितके लवकर मिटेल तितका प्रकाश कमी आत येतो. १/५०० वरून १/२००० वर गेल्यास तो एक चतुर्थांशच उरतो. ही तूट भरण्यासाठी आयएसओ ४०० वरून १६०० वर न्यावा लागतो, आणि त्याचे व्याज म्हणून चित्रात कण दिसू लागतात. हे व्याज खुशाल द्यावे. कण पुढे संगणकावर कमी करता येतात. हललेला पक्षी मात्र मागाहून स्थिर होत नाही.

भिंगाचे छिद्र एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान ठेवावे. ४०० मिलिमीटरच्या भिंगाने ५ मीटरवरील पक्षी टिपताना एफ ५.६ वर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ५ सेंटीमीटरच असते. म्हणून फोकस पंखावर नव्हे, डोळ्यावर हवा. फोकस 'सतत' प्रकारावर ठेवावा, आणि नव्या कॅमेऱ्यांतील प्राण्यांचा डोळा ओळखणारी सोय अवश्य वापरावी. उजळ आकाशापुढचा पक्षी काळा पडतो. तेथे एक्स्पोजर एका पायरीने वाढवावे. नवशिक्याने आरंभ वेड्या राघूपासून करावा. तो माशी पकडून पुष्कळदा त्याच फांदीवर परततो, त्यामुळे फोकस आधीच लावून बसता येते.

इथवर यंत्राची गोष्ट झाली. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावण्याची युक्ती मुले एकमेकांना शिकवतात, ती मला मान्य नाही. प्रतिस्पर्धी आला अशा समजुतीने तो बिचारा घरटे सोडून भांडायला येतो. ही सरळ फसवणूक आहे. चंडोल तर जमिनीवरच, गवतात घरटे करतो. तेथे ईर्यासमितीची आठवण ठेवून, पायाखाली पाहूनच पाऊल टाकावे.

हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या परसातील वेलीला शिंजिराचे लोंबते घरटे होते. पिल्लांना भरवणारी मादी नीट दिसावी म्हणून मी आडव्या येणाऱ्या दोन डहाळ्या कापल्या. छायाचित्र अप्रतिम आले. १/२००० सेकंद, डोळा लख्ख. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलीवर कावळा बसला होता आणि घरटे रिकामे होते. आडोसा मीच काढून दिला होता. ते छायाचित्र मी पुसले नाही, पण कोणाला दाखवलेही नाही. त्या वर्षी संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना डोळ्यांसमोर ती वेल होती.

आता मी घरट्यापासून दूर, फुललेल्या झाडाजवळ बसतो. सामायिकात ४८ मिनिटे बसण्याची सवय ज्याला आहे, त्याला हे अवघड नाही. कॅमेरा आधीच डोळ्याला लावून ठेवावा, शटरचा आवाज बंद करावा, फिकट मातकट कपडे घालावेत. आरंभी पक्षी दूरच राहतात. मग शिंपी येतो, नाचण येतो, आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत शिंजीरही त्याच फुलावर परततो.