मीटर पोस्टपेडच राहणार, हे एकदा सही करून द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आपण तोंडी दिलेले आश्वासन लेखी मिळण्याबाबत.

महोदय,

जून 2024 मध्ये, लोकसभेचे निकाल ताजे असताना, आपण जाहीर केलेत की सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसणार नाहीत. तेव्हा आपण उपमुख्यमंत्री होतात आणि ऊर्जा खाते आपल्याकडे होते. आज आपण मुख्यमंत्री आहात आणि ऊर्जा खाते आजही आपल्याकडेच आहे. त्यामुळे ‘आधीच्या मंत्र्यांनी काय सांगितले ते मला माहीत नाही’ ही मंत्रालयातली जुनी पळवाट निदान या प्रकरणात तरी बंद आहे.

विधानसभेची निवडणूक आटोपली आणि मीटर दारात आले. आता त्यांना टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारे मीटर, म्हणायचे असते. कंत्राटे मात्र ऑगस्ट 2023 मध्ये दिली तीच, आणि ती दिली होती प्रीपेडसाठी. निवेदने देऊन झाली, मोर्चे काढून झाले, उपविभागाच्या कार्यालयापुढे घोषणा देऊन झाल्या. उत्तर एकच : ‘मीटर पोस्टपेड आहे, काळजी करू नका.’ आम्ही काळजी करतो, कारण आम्हाला बेरीज-वजाबाकी येते.

हिशेब शाळकरी आहे. साधारण 2 कोटी 25 लाख मीटर, त्यांची किंमत जवळपास 27,000 कोटी रुपये. त्यातले 13,888 कोटींचे काम एकट्या अदानी समूहाकडे. म्हणजे दुरुस्ती-देखभालीसह एका मीटरमागे सुमारे 12,000 रुपये. केंद्राच्या ज्या योजनेतून हे सारे चालले आहे, तिला 30 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिच्यात आपल्यासारख्या राज्याला मीटरच्या किमतीच्या 15 टक्के किंवा 900 रुपये, यांत जे कमी असेल ते अनुदान मिळते. 12,000 चे 15 टक्के 1,800 होतात, म्हणजे हाती येणार 900. डिसेंबर 2023 पर्यंत मीटर बसवले असते तर वर आणखी 450 मिळणार होते. आपण कंत्राटेच त्याच वर्षीच्या ऑगस्टात दिलीत, तेव्हा त्यावर बोलणे नको.

आता खरी गोम. हे 900 रुपये फक्त त्या मीटरला मिळतात, जो प्रीपेड पद्धतीने चालतो. योजनेचीच अट आहे ती. 2 कोटी 25 लाख गुणिले 900, म्हणजे 2,025 कोटी. आपण जूनमधला शब्द पाळणार असाल, तर या 2,025 कोटींवर पाणी सोडावे लागेल. ते सोडणार नसाल, तर आज ना उद्या आमचा मीटर प्रीपेड करावा लागेल. दोन्ही एकाच वेळी होत नाही. यातले काय ठरले आहे, एवढेच विचारण्यासाठी हे पत्र आहे. दिल्लीला आपण काय कळवले आहे आणि आम्हाला काय सांगत आहात, हे दोन्ही कागद एकदा शेजारी-शेजारी ठेवून दाखवा.

‘मीटर मोफत आहे’ असेही आवर्जून सांगितले जाते. आभारी आहोत. पण 12,000 मधून 900 गेले की उरतात 11,100, आणि अनुदान मिळाले तरी एकूण रक्कम होते सुमारे 25,000 कोटी. ती कुणाच्या खिशातून जाणार? ठेकेदार दानधर्म करायला आलेला नाही. ती वीजदरात मिसळेल, बिलावर ‘मीटरचे पैसे’ अशी वेगळी ओळ कधीच दिसणार नाही, आणि म्हणूनच तिला मोफत म्हणता येते. दहा वर्षांवर पसरली तर मीटरमागे महिन्याला 92 रुपये, व्याज न धरता. बदल्यात 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत. राज्यातले सुमारे 70 टक्के घरगुती ग्राहक महिन्याला 100 युनिटच्या आत असतात, हे सरकारच सांगते. त्या घरातली माणसे दिवसा कामावर आणि मुले शाळेत. फ्रिज-पंख्याचे धरून महिन्याला दिवसाच्या वेळेतले 30 युनिट मोजले, तर 80 पैशांप्रमाणे सवलत 24 रुपये. 92 देऊन 24 घ्यायचे, आणि वर धन्यवाद म्हणायचे.

गळती थांबेल आणि त्यातून खर्च निघेल, असा खुलासा ठरलेला आहे. वीजचोरी होते, आम्हीही ती पाहतो. फीडरवर आणि गावातल्या डीपीवर मीटर बसवा, त्याला कुणाचा विरोध नाही. कुठल्या डीपीवर किती वीज आली आणि किती बिल झाले, हे त्यातून आपोआप कळेल. पण लाखो कृषिपंपांना आजही मीटरच नाही, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो, आणि त्या अंदाजात कुणाची गळती लपते यावर राज्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. जिथे मोजमाप नाही ती जागा तशीच ठेवून, दर महिन्याला बिल भरणाऱ्या घरातला चांगला चालणारा मीटर उपटायचा, हे कुठले गळतीशास्त्र?

प्रीपेडची भीती अडाण्यांची आहे, असे आपल्या अधिकाऱ्यांना वाटत असावे. कायदा त्यांनीही वाचलेला असेलच. विद्युत कायदा 2003, कलम 56 : थकबाकीदाराचीसुद्धा वीज तोडायची तर पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस हवी. प्रीपेडमध्ये थकबाकीच नसते, म्हणून नोटीसही नसते. शिल्लक संपली की आतला स्विच पडतो. वायरमन येत नाही, त्याला ‘दोन दिवस थांबा, पगार होऊ द्या’ म्हणता येत नाही. हातावर पोट असलेल्या घरात, मागावर आठवड्याच्या मजुरीवर काम करणाऱ्याच्या घरात, ते दोन दिवसच महत्त्वाचे असतात. त्याच कायद्याचे कलम 47(5) म्हणते की ग्राहक प्रीपेड मीटरने वीज घ्यायला तयार असेल, तर त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येणार नाही. ‘तयार असेल तर’ म्हणजे निवड त्याची. इकडे आमची सुमारे दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी सुरक्षा ठेव आधीच जमा आहे. पैसे बुडण्याची एवढी धास्ती कसली?

आणि हा स्विच दुरून चालतो, हे विसरू नका. 12 ऑगस्ट 2020 रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात लाखाहून अधिक स्मार्ट मीटरवाल्यांची वीज एका चुकीच्या आदेशाने गेली. ज्यांचे बिल भरलेले होते त्यांचीही गेली. पुढे चौकशी झाली. अंधारात बसलेल्यांना चौकशीचा काय उपयोग झाला, ते चौकशी करणारेच जाणोत. त्याच प्रकारचा स्विच आज आमच्या भिंतीवर आहे. तो पोस्टपेडवरून प्रीपेडवर न्यायला कुणी शिडी घेऊन येणार नाही. कार्यालयातून आज्ञा सुटली की काम झाले. म्हणून ‘सध्या पोस्टपेड आहे’ या वाक्यातला ‘सध्या’ आम्हाला झोपू देत नाही.

तोंडी आश्वासन पुरे झाले. ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय कुठलाही घरगुती मीटर प्रीपेड केला जाणार नाही, असा शासन निर्णय काढा आणि तो वीज नियामक आयोगापुढे ठेवा, म्हणजे पुढच्या सरकारलाही तो सहज पुसता येणार नाही. त्याच निर्णयात 2,025 कोटींच्या अनुदानावर राज्याने दावा केला आहे की सोडला आहे, हे लिहा. मीटरखर्चाची रक्कम बिलावर स्वतंत्र ओळीत छापा. पुढच्या निवडणुकीची वाट पाहण्याचे कारण नाही, शासन निर्णयाला आचारसंहिता लागायच्या आतच सही लागते.

आपला,
बिल वेळेवर भरणारा एक घरगुती ग्राहक,
इचलकरंजी