चिखलदऱ्याला जाताय? मग हे वाचा!

मुलांनो, सहामाही परीक्षा संपली, की सहलीचे बेत सुरू होतात. आपल्या नागपूरकरांचा एक बेत ठरलेलाच, चिखलदरा! उंची साधारण १,११८ मीटर. अमरावती, परतवाडा करत घाट चढला, की एकदम गार वाटायला लागतं. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचं झालं चिखलदरा, अशी कथा सांगतात.

आता तयारी. स्वेटर हवाच. घाटातल्या वळणांनी मळमळतं, म्हणून निघताना पोटभर खाऊ नका. आवळासुपारी जवळ ठेवा. मोबाईलला सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा आईबाबांनी थोडे सुटे पैसे बाळगावेत. पावसाळ्यात धुकं इतकं दाट असतं, की चार पावलांवरची दरीही दिसत नाही. फोटोसाठी कठडा ओलांडायचा नाही म्हणजे नाही!

पंचबोल पॉइंटला हाक मारली, की ती डोंगरांवर आपटून पुन्हापुन्हा परत येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, हे विज्ञानात शिकलात ना? ते तिथे कानांनी अनुभवा. पण एकेकाने हाक मारा, नि मग गप्प राहून ऐका. सगळे एकदम ओरडले, तर प्रतिध्वनी कुणालाच कळत नाही. शिवाय शेजारीच मेळघाटचं जंगल आहे. १९७३-७४ मध्ये देशात पहिले ९ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला हा एक. तिथे भोंगे आणि मोठमोठ्याने गाणी कशाला?

माकडांना चिप्स देऊ नका. एकदा सवय लागली, की ती रानातला पाला-फळं सोडून रस्त्यावर येऊन बसतात, गाडीखाली सापडतात, नाहीतर पुढच्या मुलाच्या हातची पिशवी ओढतात. रिकामी पाकिटं आपल्याच पिशवीत परत आणा.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. मेळघाट हे कोरकू लोकांचं घर आहे. आपण तिथे पाहुणे! पाहुणा कुणाच्या घरात न विचारता डोकावतो का? मग त्यांच्या अंगणात शिरून फोटो का काढायचे? तुमच्या शाळेच्या फाटकाशी अनोळखी माणसं येऊन, 'अरे, इकडे बघ, हास!' म्हणू लागली, तर कसं वाटेल? आधी विचारा. 'नाही' म्हटलं, तर कॅमेरा खाली. गाडीतून चॉकलेटं, बिस्किटं फेकणं तर अगदी वाईट. ती मुलं तुमच्यासारखीच शाळेत जाणारी आहेत. द्यायचंच असेल, तर हसून 'नमस्कार' द्या. होळीनंतर गेलात, तर ढोल-बासरीवर नाचत फगवा मागणारे लोक भेटतील. घाबरू नका, हिडीसफिडीस करू नका. तो त्यांचा मोठा सण आहे.

त्यांची कोरकू भाषा मराठीच्या नात्यातली नाही; तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला 'कू' लावलं की झालं अनेकवचन. म्हणजे कोरकू म्हणजे माणसं! किती साधं नि किती छान नाव, नाही?

खवा-रबडी तर तुम्ही आणालच. त्याबरोबर तिथल्या एखाद्या मुलाकडून एक कोरकू शब्दही शिकून या, बरं का. शाळा उघडली, की तो वर्गात सगळ्यांना सांगा.